बी.ए. राज्यशास्त्र, तालुक्याचं कॉलेज, मराठी मीडियम : घ्यायचं का?

बारावीचा निकाल लागला की गावातल्या कोणी ना कोणी पोरी विचारतातच, ताई राज्यशास्त्र घेऊ का, आणि शेजारी उभ्या त्यांच्या आईला विचारायचं असतं की ते घेऊन पुढे होतं काय. दर वर्षी तोंडी सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. लोक दहा हजाराचा मोबाईल घेताना चार रिव्ह्यू बघतात अन् तीन वर्षांची डिग्री घेताना फक्त एवढं बघतात की सकाळची एसटी कॉलेजच्या गेटवर थांबते का.

माझी बॅच 2021 ते 2024. शिरपूर-शहादा पट्ट्यातलं एक अनुदानित कॉलेज, नाव घेत नाही, माझी चुलत बहीण अजून तिथेच शिकते. तसंही नावाने फार फरक पडत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांची कॉलेजं जळगावच्या विद्यापीठाखाली येतात, 1990 ला सुरू झालेलं अन् 2018 पासून बहिणाबाई चौधरींच्या नावाचं, त्यामुळे ऑटोनॉमस कॉलेजं सोडली तर सिलॅबस सगळीकडे जवळजवळ तोच. फरक पडतो तो फळ्यापुढे कोण उभं आहे याने.

रेटिंग आधीच देऊन टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. विषयाला पाचपैकी साडेचार. शिकवण्याला सरासरी अडीच, कारण एका सरांना पाच अन् बाकीच्यांना जेमतेम एक-दीड अशी ती सरासरी आहे. लायब्ररीला दोन. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मिळणाऱ्या नोट्सना शून्य. फी परवडणारी आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

पहिलं वर्ष बोअर होतं हे मान्य करूनच पुढे जा. राज्याचे घटक चार, लोकसंख्या, भूप्रदेश, शासन, सार्वभौमत्व, हे अकरावीत पाठ केलेलं असतं तेच परत. मग प्लेटोचा न्याय, ॲरिस्टॉटलचं राज्यांचं वर्गीकरण, हॉब्ज-लॉक-रूसोचा सामाजिक करार. आमच्याकडे हे सगळं डिक्टेशनवर झालं, मॅडम वाचायच्या, आम्ही लिहायचो, कोणी विचारलं नाही की हॉब्जला माणसं एवढी वाईट का वाटली. नंतर मी स्वतः मराठी विश्वकोश उघडून वाचलं, तो ऑनलाइन फुकट आहे, तेव्हा कळलं की त्याच्या डोळ्यासमोर इंग्लंडात राजा विरुद्ध पार्लमेंट असं यादवी युद्ध चाललेलं आणि 1649 ला तर राजाचंच मुंडकं उडवलेलं, दोन वर्षांनी याचं पुस्तक आलं. एवढी एक ओळ जरी वर्गात सांगितली असती तर वर्ग जागा राहिला असता. ॲरिस्टॉटलचंही तसंच, त्याने अन् त्याच्या शिष्यांनी 158 नगरराज्यांच्या राज्यव्यवस्था गोळा केल्या होत्या असं सांगतात, म्हणजे हा माणूस आधी माहिती जमवत होता अन् मग बोलत होता, आणि आम्ही मात्र त्याच्या व्याख्या पाठ करत होतो.

आता नोट्सबद्दल, कारण निम्मी पोरं फक्त त्याच्यावरच पास होतात. पंचायत राजच्या पेपरला झेरॉक्सवाल्याकडे दोन वेगवेगळ्या नोट्स होत्या, एकीत लिहिलेलं की सरपंच सदस्यांमधून निवडतात अन् दुसरीत की थेट जनतेतून. खरं काय तर दोन्ही आपापल्या जागी खरं होतं, 2017 ला थेट निवड आली, 2020 ला नव्या सरकारने ती काढून परत सदस्यांतून निवड आणली, 2022 ला सरकार बदललं तर पुन्हा थेट. तीन सरकारं अन् सरपंचाची खुर्ची तीनदा फिरली, खरं तर यापेक्षा चांगला धडा काय असतो, कोणाला कोणता सरपंच सोयीचा पडतो अन् का, यावर अख्खा तास गेला असता. पण नोट्सवर तारीखच नाही. परीक्षेत आमच्यापैकी काहींनी हे लिहिलं काहींनी ते लिहिलं, आणि दोघांनाही सारखे मार्क. पेपर तपासणारा वाचतो की मोजतो हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

तरी मी साडेचार स्टार देते ते कशाला, तर या विषयाचं प्रॅक्टिकल दारात चालू असतं. सायन्सवाल्यांना लॅब लागते. आमच्या बॅचला तर नशिबाने तीन वर्षं नुसती सुट्टीच नव्हती असं म्हणा.

म्हणजे बघा, आम्ही ॲडमिशन घेतली त्याच दिवसांत, 5 ऑक्टोबर 2021 ला, धुळे अन् नंदुरबार झेडपीच्या पोटनिवडणुका झाल्या. गावात सगळे म्हणत होते की ओबीसीची मेंबरकी गेली, पण का गेली ते कोणालाच सांगता येत नव्हतं, जो तो आपल्या विरोधी पार्टीवर ढकलत होता. सेकंड इयरला एका सरांनी, तेच ते पाच स्टारवाले, हा विषय फळ्यावर घेतला. एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या वर जाऊ नये हा सुप्रीम कोर्टाचा दंडक. आपल्या जिल्ह्यांत आदिवासी लोकसंख्या मोठी, नंदुरबारला तर 2011 च्या जनगणनेत जवळपास 69 टक्के, त्यामुळे अनुसूचित जमातीच्या राखीव जागा लोकसंख्येप्रमाणे आधीच भरपूर, त्यावर झेडपी कायद्यातलं ओबीसीचं सरसकट 27 टक्के ठेवलं की बेरीज पन्नाशीच्या पार. 4 मार्च 2021 ला कोर्टाने सांगितलं की 27 हे सरसकट नाही, 27 पर्यंत, तेही आयोग नेमून माहिती गोळा करून अन् एकूण पन्नास न ओलांडता. म्हणून ओबीसी जागांवर निवडून आलेल्यांची पदं गेली. सरांनी हे आकडे टाकून बेरीज करायला लावली. वर्गात एक पोरगा होता, त्याच्या मामांचंच पद गेलेलं, तो तीन वर्षांत पहिल्यांदा पहिल्या बाकावर येऊन बसला अन् वहीत उतरवून घरी घेऊन गेला. मामा काय म्हणाले ते त्याने सांगितलं नाही, पण पुढच्या तासालाही पुढेच बसला.

आणि याच सरांची दुसरी गोष्ट. जून 2022 ला राज्यात आमदार फुटले, सुरत, गुवाहाटी, सगळं तुम्हाला माहीत आहे. आमच्या वर्गात दोन्हीकडची पोरं, घरात दोन्हीकडचे झेंडे, कँटीनला हाणामारी व्हायची बाकी होती. सरांनी नियम केला, तासाला कोणत्याच नेत्याचं नाव घ्यायचं नाही, फक्त परिच्छेद नंबर बोलायचा. मग आम्ही घटनेची दहावी अनुसूची काढली, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा. 1985 ची 52 वी घटनादुरुस्ती, त्यात परिच्छेद 3 होता, एक तृतीयांश फुटले तर चालायचं. 2003 च्या 91 व्या दुरुस्तीने तो काढला. राहिला परिच्छेद 4, विलीनीकरण, दोन तृतीयांश. आता फुटलेल्यांनी कशात विलीन झालो म्हणायचं, का आम्हीच मूळ पक्ष म्हणायचं, व्हिप, म्हणजे आमदारांना मत कसं द्यायचं ते बजावणारा प्रतोद, तो कोणाचा, विधिमंडळ पक्षाचा का बाहेरच्या पक्षाचा? नावं न घेता हा वाद घालायचा म्हटला की जीभ इतकी अडखळते की आपण आजवर नुसतं नावांवरच भांडत होतो हे आपोआप दिसतं. 11 मे 2023 ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाचा निकाल आला, व्हिप नेमायचा हक्क राजकीय पक्षाचा असं त्यात म्हटलं, अपात्रतेचा निर्णय मात्र विधानसभा अध्यक्षांकडेच दिला, आणि अध्यक्षांनी तो 10 जानेवारी 2024 ला दिला. तोवर आम्ही टी.वाय.ला पोचलेलो. एक प्रकरण सुरू होताना अन् निकालापर्यंत जाताना वर्गात बसून बघायला मिळणं ही चैन सगळ्याच बॅचला मिळत नाही हे मान्य, पण खान्देशात राहून काहीच चालू नाही असं वर्ष मला तरी दाखवा.

मग झेडपीचं दुसरं नाटक, जळगावचं. तिथली निवडणूक फेब्रुवारी 2017 ची, मार्च 2022 ला मुदत संपली अन् प्रशासक बसला तो बसलाच. घटनेचं कलम 243 ई म्हणतं की पंचायतीची मुदत पाच वर्षं, पुढची निवडणूक मुदत संपायच्या आत. एका पोरीने विचारलं की मग हे चाललंय ते काय आहे. दुसऱ्या एका तासिकेच्या, म्हणजे कायम नसलेल्या, तासावर पैसे मिळणाऱ्या सरांनी उत्तर दिलं, ते परीक्षेला येत नाही, पुढे लिहा. म्हणून म्हणते शिकवण्याला अडीच.

ग्रामसभेचं सांगते. इंटर्नलला प्रोजेक्ट होता, आपल्या गावची ग्रामसभा. बहुतेकांनी मागच्या बॅचची फाईल आणून गावाचं नाव बदललं, मी आपली 26 जानेवारीला खरंच जाऊन बसले. नियम असा की कोरम मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातला जो आकडा कमी तो. आमचं गाव हजाराच्या वरचं म्हणजे शंभर माणूस पाहिजे. ओट्यावर बसलेली माणसं, मारुतीच्या पायरीवर चार बाया, झेंड्याला आलेली शाळेची पोरं धरली तरी शंभर होईनात. तर भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, रजिस्टर उघडलं, त्यात तहकुबीची ओळ आधीच लिहून तयार. तहकूब सभेला कोरम लागत नाही ना, मग काय, थोड्या वेळाने तीच माणसं, तोच ओटा, सभा कायदेशीर. मी म्हटलं मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा. आमच्या सरपंच बाई आहेत, राज्यात पंचायतीत बायकांना 2011 पासून 50 टक्के आरक्षण आहे त्यातून आलेल्या, पण बोलतात त्यांचे मिस्टर. ते माझ्याकडे बघून म्हणाले, कोनी पोर शे तू? मी वडिलांचं नाव सांगितलं. सगळे हसले. आणि मग सरपंच बाईच पदर सावरून म्हणाल्या, वाचा ना भाऊसाहेब, माले बी आयकू द्या. इतिवृत्तात त्यांच्या सहीचे तीन ठराव होते, त्यातला स्मशानभूमीच्या शेडचा त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्या प्रोजेक्टला मला दहापैकी सात मिळाले, गाव बदललेल्या फाईलींना आठ, कारण त्यांना स्पायरल बाइंडिंग होतं.

नोट्समध्ये पेसा कायद्यावर, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यावर, दोन ओळी होत्या, टीप लिहा, झालं. माझ्या रूमवर धडगावची एक मैत्रीण होती, ती म्हणाली आमच्याकडे तर पाड्यापाड्याचं हेच चालू आहे. 1996 चा कायदा, महाराष्ट्राचे नियम 2014 चे, त्यात ग्रामपंचायतीखालचा एखादा पाडासुद्धा स्वतःला गाव म्हणून जाहीर करून घेऊन आपली वेगळी ग्रामसभा घेऊ शकतो, गौण वनोपज, गौण खनिज, जमीन घ्यायची असेल तर विचारणा, हे सगळं त्या ग्रामसभेपुढे यायला लागतं. तिने रात्री हॉस्टेलच्या गॅलरीत बसून त्यांच्या पाड्याचा नकाशा खडूने फरशीवर काढून दाखवला, कुठून कुठे त्यांची हद्द, कोणता नाला कोणाचा. ज्या सातपुड्याच्या पायथ्याशी कॉलेज आहे, जिथे अर्धा वर्ग आदिवासी पट्ट्यातून येतो, तिथे पेसाला दोन ओळी अन् स्वित्झर्लंडच्या संघराज्याला आख्खं प्रकरण, याचा हिशोब मला अजून लागलेला नाही. स्वित्झर्लंडबद्दल आकस नाही, तिथल्या दोन कॅन्टनमध्ये अजून लोक चौकात जमून हात वर करून मत देतात हे वाचून मला ग्रामसभाच आठवली होती, पण ही जोड कोणी लावून द्यायला पाहिजे ना.

सहलीचं एका वाक्यात, अभ्यास सहल वेरूळला. लेणी छान आहेत, पण राज्यशास्त्राची सहल म्हणून? 1936 चं काँग्रेसचं फैजपूर अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं, अध्यक्ष नेहरू, ते आमच्यापासून चोपडा रोडने दोन-अडीच तासावर. धुळ्याच्या जेलमध्ये 1932 ला विनोबा गीतेवर बोलत होते अन् साने गुरुजी उतरवून घेत होते, ते धुळ्यात. मार्क्स-फुले-आंबेडकर अशी मांडणी करणारे कॉम्रेड शरद पाटील धुळ्याचेच, विचारवंतांच्या पेपरात त्यांचं नाव आम्हाला कोणी ऐकवलं नाही. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं, तिथे एक बस नेली असती अन् त्या गावातच आधारच्या वादातून आलेला सुप्रीम कोर्टाचा प्रायव्हसीचा 2017 चा निकाल शिकवला असता तर जन्मात विसरलो नसतो. पण वेरूळला जेवणाची सोय चांगली होते म्हणे.

लायब्ररीत मराठीतली पुस्तकं आहेत पण बरीचशी जुनी. मी ज्या पुस्तकातून राज्यघटना वाचली त्यात 42 वी अन् 44 वी दुरुस्ती होती, पुढची पानं कोणीतरी ब्लेडने कापून नेलेली, बहुतेक ओपन बुक टेस्टच्या वेळी. त्यापेक्षा सरळ संविधानच वाचा, मराठी प्रत सरकारी साईटवर फुकट मिळते. भाषा जड आहे, पहिल्या दिवशी झोप येईल. मूलभूत हक्कांची कलम 12 ते 35 आधी, मग पंचायतींचा 243 चा सगळा गठ्ठा, मग आदिवासी भागांची पाचवी अनुसूची अन् दहावी, आणि राज्यपालाचं 163. एवढं नीट झालं की पेपरमधली निम्मी बातमी स्वतःची स्वतःला लागते. केशवानंद भारती पाच मार्काला येतं, संसदेला घटनेचा मूळ गाभा बदलता येत नाही असं सांगणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल, 24 एप्रिल 1973, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा. हे आकडे सगळे लिहितात. एका मताने हुकलं असतं तर काय झालं असतं हे लिहिणाराच्या पेपरवर थोडं थांबतात, निदान माझ्या वेळी तरी थांबले.

आता आयांचा प्रश्न, पुढे काय. खरं सांगते, या डिग्रीने थेट नोकरी लागत नाही. एमपीएससीला कोणतीही डिग्री चालते. तलाठीच्या परीक्षेत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता असे पन्नास-पन्नास मार्काचे चार भाग, त्यात राज्यघटना येऊन येऊन किती येणार, तिथे गणित न येणारी राज्यशास्त्रवाली मागेच पडते. फायदा होतो तो राज्यसेवेत, आता मेन्स वर्णनात्मक झालीय, लिहायची सवय असणाऱ्याला बरं. यूपीएससीला हा ऑप्शनल घेतला तर दोन पेपर मिळून 500 मार्क. बाकी एम.ए. करून सेट-नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या परीक्षा, तिथे पुढे तासिका तत्त्वावरची रांग किती मोठी आहे ते आपल्याच कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बघून या. एलएल.बी.ला जाणाऱ्या माझ्या मैत्रिणी सगळ्यात खूश आहेत, त्यांना पहिल्या वर्षी घटनेचं ओझं वाटलं नाही. कोणी म्हणेल राजकारणात जाता येतं. प्रतिभाताई पाटील जळगावच्या मू.जे. कॉलेजातून राज्यशास्त्र अन् अर्थशास्त्रात एम.ए., 1962 ला सत्ताविसाव्या वर्षी आमदार, 2007 ला राष्ट्रपती, हे उदाहरण प्रत्येक गॅदरिंगला ऐकायला मिळतं. आमच्या वर्गातून आतापर्यंत एक ग्रामपंचायत सदस्य झाली, आणि ती गणिताचा विषय घेऊन आलेली.

मग घ्यावं कोणी? ज्याला पेपर वाचताना राग येतो पण कोणावर काढायचा ते कळत नाही त्याने घ्यावं. ज्याला फक्त सोपं पडतं म्हणून घ्यायचंय त्याने पण घ्यावं, पास होशील, पण मग झेरॉक्सवाल्याला तीन वर्षं पोसावं लागेल. ॲडमिशनच्या आधी ऑफिसात नको, सेकंड इयरच्या पोरींना गाठा आणि दोन गोष्टी विचारा, विभागात कायमचे प्राध्यापक किती आहेत अन् मागच्या सेमिस्टरला प्रत्यक्षात तास किती झाले. वेबसाईटवरचे फोटो बघू नका, ते सेमिनारच्या दिवसाचे असतात.

नवीन पोरांसाठी एक, 2024-25 पासून आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांना एनईपीचा, म्हणजे नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा पॅटर्न आलाय, मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, क्रेडिट, चार वर्षांचा ऑप्शन, माझ्या बहिणीचा सगळा गोंधळ त्यातच चाललाय. मेजर राज्यशास्त्र असेल तर मायनरला बहुतेक जणी इतिहास घेतात, सोपा जातो म्हणून. कॉलेजात मिळत असेल तर अर्थशास्त्र घ्या. ग्रामपंचायतीला पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे कसे आले, बंधित म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचे किती अन् अबंधित किती, हे वाचता आलं तरच ओट्यावर बसून काही विचारता येतं, नुसतं कलम माहीत असून भाऊसाहेब ऐकत नाहीत. बहिणीने अर्थशास्त्रच घेतलंय, तिला पहिल्या सेमिस्टरला त्यात कमी पडले म्हणून घरी बोलणी बसली, पण या 15 ऑगस्टला ती रजिस्टर बघायला माझ्यासोबत येणार आहे.